जोर लावला की फ्रीस्टाइलचे हात छोटे होतात, वेग मात्र तेवढा वाढत नाही. नेमकं कुठे बिघडतं?

लेन_चार (धरमपेठ)

नमस्कार मंडळी. सकाळच्या बॅचमधल्या एका मुलीबद्दल नेमका सल्ला हवा आहे. वय १३, उंची १५६ सेंमी, फ्रीस्टाइल, तलाव २५ मीटरचा. सगळे आकडे भिंतीवरून पुश घेऊन, डाइव्ह नाही.

आरामात पोहली तर २५ मीटरला २३ सेकंद आणि २१ हात (डावा-उजवा वेगळा मोजून). हात लांब जातो, डोकं स्थिर असतं, पाय वर असतात. "आता पूर्ण जोर" म्हटलं की १७.८ सेकंद आणि २७ हात. मग पाणी उडतं, डोकं वर येतं, हात पाण्यावर आपटतो. ५० मीटरला पहिली लांबी १७.८, दुसरी २१.४. शेवटच्या १० मीटरला हात फिरत असतात, अंतर कापलं जात नाही.

आम्ही काही दिवस "हात कमी कर, लांब कर" असं सांगून पाहिलं. हात १८ वर आले, पण वेळ २४.५ सेकंदांवर गेली. म्हणजे दोन्हीकडून अडलो आहोत.

विचारायचं ते असं: हा ताकदीचा प्रश्न आहे की तंत्राचा? वेग वाढला की पाण्याचा विरोध इतका वाढतो का, की चांगला स्ट्रोक मोडून पडावा? आणि हळू पोहतानाचं तंत्र तसंच्या तसं जोरात पोहताना वापरायचं असतं, की ते बदलायला हवं?

पाण्याचा_हिशेब (प्रतापनगर)

आधी विरोधाचं बघू, बाकीचं त्यातूनच निघतं.

पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी पॉवर घनाने. वेग १० टक्के वाढवायचा तर विरोध २१ टक्के वाढतो आणि पॉवर ३३ टक्के जास्त लागते. तुमच्या आकड्यांवर लावा. २३ वरून १७.८ सेकंद म्हणजे वेग २९ टक्के वाढला. विरोध झाला १.६७ पट, पॉवर २.१६ पट. आरामात पोहताना जेवढी मेहनत होती तिच्या दुपटीहून जास्त. आता दर सेकंदाचे हात बघा: आधी ०.९१, नंतर १.५२. हात ६६ टक्के जोरात फिरले आणि मुलगी २९ टक्केच जोरात गेली. मधला फरक पाण्यात घसरला. हाताला पाणी धरता आलं नाही.

जगातल्या अव्वल पोहणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पान झानलने १०० मीटर ४६.४० सेकंदात पोहून विश्वविक्रम केला, तर बॉबी फिंकने १५०० मीटर १४ मिनिटं ३०.६७ सेकंदात. स्टार्ट-टर्न धरून सरासरी वेग २.१६ आणि १.७२ मीटर प्रतिसेकंद. फरक २५ टक्क्यांचा, पण १०० मीटरच्या वेगाला पॉवर लागते जवळपास दुप्पट. म्हणून दोघांचे स्ट्रोक वेगळे दिसतात.

आता विरोध कोणता, ते वेगळं काढा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा.

घर्षणाचा, म्हणजे कातडी आणि कपड्यावरून सरकणाऱ्या पाण्याचा, वाटा सगळ्यात लहान. ढगळ कॉस्च्यूम मात्र टाळा. पाठीत पाणी भरून फुगा झाला की ते घर्षण राहत नाही, थेट आकाराचा विरोध होतो.

आकाराचा विरोध म्हणजे समोरून पाण्याला किती अंग आडवं येतं ते. इथे तुमच्या मुलीचं सगळ्यात जास्त नुकसान होत असणार. शरीर १० अंशांनी तिरकं झालं तर दीड मीटर लांबीवर पाय २६ सेंमी खाली जातात. आरामात पोहताना खांद्यांच्या मागे लपलेली कंबर आणि मांड्या आता स्वतः पाणी ढकलायला लागतात. डोकं वर आलं की कंबर खाली जाणारच, हा तराजू आहे.

तिसरा विरोध लाटेचा. पृष्ठभागावर चालणारी कुठलीही वस्तू लाट उठवते आणि त्या लाटेची लांबी वेगावर ठरते. १ मीटर प्रतिसेकंदाला लाट सुमारे ६४ सेंमी लांब, १.२८ ला साधारण १०५ सेंमी, १.५६ ला १५६ सेंमी. म्हणजे त्या वेगाला लाट तुमच्या मुलीच्या उंचीएवढी होते. डोक्यासमोर एक उंचवटा, पायाशी दुसरा, आणि शरीर मधल्या खळग्यात. तिथून पुढे वेग वाढवणं फार महाग पडतं. हात पुढे लांब ठेवला की पाण्यातली लांबी वाढते आणि ही अडचण थोडी पुढे ढकलली जाते. उंच पोहणाऱ्यांचा एक फायदा हाच. ती अजून त्या वेगाच्या खाली आहे, म्हणून आत्ता लाटेपेक्षा आकाराकडे लक्ष द्या.

एक विनंती. पूर्ण लांबीची वेळ फसवते, कारण तिच्यात पुशचा वाटा असतो. १० मीटर ते २० मीटर या पट्ट्यात डोकं कधी आलं आणि कधी गेलं तेवढंच मोजा. त्याच पट्ट्यात ६ हातांना किती सेकंद लागले तेही टिपा. हाताच्या एका प्रवेशाला घड्याळ चालू, त्यानंतरच्या सहाव्या प्रवेशाला बंद. चार वेगांना हे करा: आराम, मध्यम, जोरात, पूर्ण जोर. प्रत्येकाच्या मध्ये दोन मिनिटं विश्रांती. आणि लेनमध्ये तिला एकटीला सोडा. पुढे जवळच कुणी पोहत असेल तर त्याच्या मागच्या ओढीत विरोध कमी होतो आणि आकडा खोटा येतो.

कोपर_वर (सक्करदरा)

वरचा हिशेब बरोबर आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला वर्ग-घन सांगून पाण्यात काही बदलत नाही, तिला हाताला काय जाणवलं पाहिजे ते सांगावं लागतं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हळू पोहतानाचं तंत्र जसंच्या तसं वर नेता येत नाही. काही गोष्टी कायम राहतात, काही मुद्दाम बदलाव्या लागतात. बदलायच्या गोष्टी कायम ठेवल्या आणि कायम ठेवायच्या बदलल्या, की नेमकं तुम्ही लिहिलंय तसं दिसतं.

कायम राहतं ते डोकं, शरीराची रेषा, आणि कॅचमध्ये, म्हणजे पुढे गेलेला हात पाणी धरतो तेव्हा, कोपर मनगटाच्या वर असणं. नजर तळाकडे, किंचित पुढे. पाणी केसांच्या रेषेशी, कपाळाच्या मध्यावर नाही.

बदलतं ते दोन हातांचं नातं. आरामात पोहताना पुढचा हात पुढेच थांबतो आणि दुसरा हात हवेतून डोक्याजवळ आला की मग ओढायला लागतो. मधे क्षणभर कुणीच ओढत नसतं, शरीर नुसतं सरकतं. कमी वेगाला हे परवडतं. वेग वाढला की त्या रिकाम्या क्षणात विरोध शरीराला जास्त जोराने थांबवतो. विरोध १.६७ पट झाला असेल तर वेग गळण्याचा दरही तेवढाच वाढतो. मग प्रत्येक हाताला गेलेला वेग परत मिळवावा लागतो. मध्यम वेगाला मागचा हात मांडीशी ढकलणं संपवतो त्याच क्षणी पुढचा पाणी धरायला लागला पाहिजे. पूर्ण जोरात मागचा ढकलत असतानाच पुढच्याने पाणी धरलेलं असतं.

म्हणून "हात कमी कर" या सूचनेने तुम्हाला १८ हात आणि २४.५ सेकंद मिळाले. मुलीने आज्ञा पाळली, पुढचा हात पुढे थांबवला आणि सरकत राहिली. हात कमी होणं हे तंत्र सुधारल्याचं फळ असू शकतं, पण तीच सूचना म्हणून देऊ नका. नुसते हात मोजू नका, सोबत सेकंद मोजा.

पुढचं, हाताचा प्रवेश. पूर्ण जोरात मुलं हात पाण्यावर आपटतात आणि लगेच खाली दाबतात. खाली दाबलेलं पाणी छाती वर उचलतं, कंबर खाली जाते, आणि हिशेबवाल्यांचे ते १० अंश तयार होतात. आपटलेल्या हातासोबत हवाही आत जाते. बुडबुड्यांनी भरलेला तळवा पाणी धरू शकत नाही. हे बघायला पाण्याखालचा व्हिडिओच हवा. मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून लेनच्या बाजूने, १२–१३ मीटरच्या खुणेशी, हात-दीड हात खोल धरा. स्लो मोशन लावा. दोन फ्रेम थांबवून बघायच्या: हात पूर्ण पुढे गेल्यानंतरची आणि तळवा खांद्याखाली आलेली. पहिल्या फ्रेममध्ये बोटांमागे बुडबुड्यांची शेपटी आहे का? दुसऱ्या फ्रेममध्ये कोपर मनगटाच्या वर आहे का? कोपर आधी मागे सरकलं असेल तर ती पाणी ढकलत नाही, पाण्यातून हात काढून घेते.

किक. आरामात पोहताना दोन हातांना दोन किक पुरतात. पूर्ण जोरात सहा लागतात, पण लहान. पायाचा वरखाली प्रवास शरीराच्या जाडीच्या सावलीतच राहिला पाहिजे, साधारण वीतभर ते फूटभर. जोर म्हटला की मुलं गुडघा दुमडतात, मांडी खाली येते आणि ती मांडी ब्रेक होते. पायांचे स्नायू मोठे, दमही तेच खातात. ५० मीटरच्या शेवटी हात अडकतात त्याचं निम्मं कारण बऱ्याचदा पायांत असतं.

अंग वळवणं वेगाबरोबर थोडं कमी होतं, ते कमी होऊ द्या. "पूर्ण वळ" ही सूचना आरामाच्या वेगासाठी ठीक आहे. स्प्रिंटमध्ये त्यासाठी वेळच नसतो.

श्वासाची एक गोष्ट आवर्जून. वेग वाढला की डोक्यासमोर पाण्याचा उंचवटा आणि त्याच्या मागे, तोंडाशी, खळगा तयार होतो. म्हणजे जोरात पोहताना श्वास घ्यायला तोंड कमी वर आणावं लागतं. मुलं नेमकं उलट करतात. एक चष्मा पाण्यात, एक बाहेर, एवढंच वळायचं.

बोटं घट्ट मिटवायला सांगत असाल तर बंद करा. किंचित फट चालते, मिटलेल्या मुठीसारख्या तळव्याने कोपरापासून पुढचा हात लवकर आखडतो.

तळ्याकाठी (मानेवाडा)

राजेहो, सगळं तंत्रावर टाकून राहिले तुम्ही, पण पोट्टी तेरा वर्षांची आहे. दुप्पट पॉवर कुठून आणेल? तिची ताकद नाही वाढली तर कोपर कितीही वर ठेवा, पाण्याच्या दाबाखाली ते पडणारच. रबर ट्यूबवर खेचण्याचा सराव द्या, आठवड्यातून दोनदा, पाण्याबाहेर.

आणि दोष हाताचा की पायाचा हे आधी पारखा. मांड्यांमध्ये पुलबॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) देऊन त्याच मध्यम वेगाच्या हाताने पोहू द्या. वेळ सुधारली तर तिचे पाय बुडून राहिले होते, पुलबॉयने उचलले. वेळ बिघडली तर किकच तिला पुढे नेत होती आणि हात कमजोर आहेत. फरक पडला नाही तर रेषा ठीक आहे, दुसरीकडे शोधा.

कोपर_वर (सक्करदरा)

पुलबॉयची परीक्षा चांगली आहे, जरूर करा. ट्यूबही हरकत नाही, पण हलकी, आणि कोपर पडायला लागलं की तिथेच संच थांबवायचा. चुकीच्या कोपराने केलेली शंभर खेच चुकीचं कोपर पक्कं करतात. पॅडल (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) द्यायचे झाले तर तळव्यापेक्षा बोटभरच मोठे. या वयात मोठे पॅडल खांद्याला भारी पडतात, आणि त्यांनी हाताची गती कमी होते. आपल्याला हवं आहे त्याच्या उलट.

ताकदीच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. हात घसरत असताना ताकद वाढवली तर ती जास्त जोराने घसरेल.

लेन_चार (धरमपेठ)

मोजून आणलं. एकटी पोहली, १० ते २० मीटरचा पट्टा, प्रत्येक वेगाला दोनदा मोजून चांगला आकडा घेतला.

आराम: १० मीटरला १०.० सेकंद, ६ हातांना ५.६ सेकंद.
मध्यम: ८.७ आणि ४.८.
जोरात: ७.९ आणि ४.१.
पूर्ण जोर: ७.८ आणि ३.५.

पुलबॉय लावून मध्यम वेग: १० मीटरला ८.६. म्हणजे फरक नाहीच.

व्हिडिओत दिसलं ते असं. मध्यम वेगाला दोन्ही कोपरं वर आहेत. पूर्ण जोरात उजवा हात बऱ्यापैकी स्वच्छ, डाव्या हाताला मात्र बोटांपासून थेट पोटापर्यंत बुडबुडे. ती उजवीकडे श्वास घेते. श्वासाच्या वेळी डावा हात सरळ, काठीसारखा, खाली जातो आणि कोपर मनगटाच्या खाली असतं. श्वास नसलेल्या हाताला तोच डावा हात बराच बरा दिसतो.

पाण्याचा_हिशेब (प्रतापनगर)

फार कामाचे आकडे आहेत. मिनिटाला किती हात आणि एका हाताला किती अंतर, एवढंच काढून देतो.

आराम: वेग १.०० मीटर प्रतिसेकंद, मिनिटाला ६४ हात, एका हाताला ९३ सेंमी.
मध्यम: १.१५, ७५ हात, ९२ सेंमी.
जोरात: १.२७, ८८ हात, ८६ सेंमी.
पूर्ण जोर: १.२८, १०३ हात, ७५ सेंमी.

शेवटच्या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. ८८ वरून १०३ म्हणजे हात १७ टक्के जास्त, आणि वेग वाढला जेमतेम १ टक्का. एका हातामागे ११ सेंमी गेले. तिचा "पूर्ण जोर" म्हणजे "जोरात"चाच वेग, फक्त जास्त दम खर्चून. दुसऱ्या लांबीत २१.४ का होतात, याचं उत्तर इथे आहे. पहिल्या २५ मीटरमध्येच तिने दम उधळलेला असतो आणि त्याच्या बदल्यात सेकंदाचा दहावा-दोन दहावा भागच मिळवलेला असतो.

आराम ते मध्यम मात्र बघण्यासारखं आहे. वेग १५ टक्के वाढला आणि हाताचं अंतर एका सेंटिमीटरनेच घटलं. तिथपर्यंत तंत्र वेगाला पुरून उरतं. ८८ ला थोडं सैल होतं, तेवढं चालतं. वेग वाढताना हाताचं अंतर थोडं कमी होणं अव्वल पोहणाऱ्यांतही दिसतं. मोडतं ते ८८ आणि १०३ च्या मधे कुठेतरी.

म्हणून सध्या ५० मीटर ८८ च्या गतीने पोहू द्या, १०३ ला नाही. पहिली लांबी १८.२ आणि दुसरी १९.५ जमली तरी ३७.७ होतात. आत्ताच्या ३९.२ पेक्षा दीड सेकंद कमी, आणि तेही ताकद वाढवण्याआधी.

कोपर_वर (सक्करदरा)

डाव्या हाताचं कारण तुम्हीच पकडलंत. उजवीकडे श्वास घेताना डोकं वर उचललं जातं, त्याला आधार म्हणून पुढचा डावा हात पाण्यावर दाबला जातो. तो हात ओढत नाही, टेकू देतो. म्हणून आधी श्वास दुरुस्त करायचा, हात नंतर. नुसतं "डावं कोपर वर" सांगितलं तर ते श्वासाला डोकं वर येईपर्यंतच टिकेल.

पहिले दोन आठवडे असं करा, आठवड्यात तीन दिवस, अंग मोकळं झाल्यावर लगेच. दमल्यावर हे काम होत नाही.

सुरुवातीला ६ वेळा २५ मीटर, फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे) घालून, एकाच हाताने. डावा हात ओढणार, उजवा पुढे लांब. श्वास डावीकडे, म्हणजे ओढणाऱ्या हाताच्या बाजूला. मग हात बदलून श्वास उजवीकडे. आता पुढे लांब राहिलेला डावा हात श्वास घेताना खाली जातो का ते बघा. जात असेल तर डोकं उचललं जातंय. दुरुस्तीची खरी जागा ही.

नंतर ६ वेळा २५ मीटर: पहिले १५ मीटर दोन्ही मुठी मिटून, पुढचे १० तळवा उघडून. मूठ असताना पाणी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातानेच धरावं लागतं, त्यामुळे कोपर आपोआप वर राहतं. तळवा उघडला की पाणी एकदम जड लागलं पाहिजे. तसं लागलं का, हे तिला प्रत्येक वेळी विचारा.

मग गतीची शिडी. टेम्पो ट्रेनर (ठरलेल्या गतीने बीप देणारं छोटं यंत्र) असेल तर टोपीखाली ठेवा, नसेल तर मेट्रोनोम ॲप काठावर स्पीकरला जोडूनही चालतं. मात्र मग दर हाताला नाही, श्वासाच्या वेळी ऐकून जुळवायला सांगा. १२ वेळा २५ मीटर, प्रत्येक पायरीला ३, मधे ३० सेकंद विश्रांती. दर हाताला ०.८० सेकंद (मिनिटाला ७५), मग ०.७६ (७९), ०.७२ (८३), ०.६८ (८८). प्रत्येक लांबीचे हात मोजा. एका पायरीवरून पुढच्या पायरीला गेल्यावर हात दोनपेक्षा जास्त वाढले तर ती पायरी आज झाली नाही असं समजा, मागच्या पायरीवर या आणि तिथेच संच संपवा. गती ढासळते तिथे रेटत राहिलात तर ढासळलेला स्ट्रोकच तिच्या अंगवळणी पडेल. ०.६८ ला सलग तीन दिवस हात स्थिर राहिले की ०.६६, मग ०.६४. एका आठवड्यात एकच पायरी.

श्वास या संचात दर तिसऱ्या हाताला, म्हणजे दोन्ही बाजूंना. ५० मीटरच्या स्पर्धेत तिला हव्या त्या बाजूने घेऊ द्या.

दोन आठवड्यांनी तीच १० मीटरची चाचणी. डाव्या हाताचे बुडबुडे छातीच्या आधी संपायला हवेत.

लेन_चार (धरमपेठ)

मनापासून आभार, दोघांचेही आणि पुलबॉयसाठी दादांचेही. दोन लहान शंका. पुश आणि टर्नमध्ये वेळ कुठे जाते? आणि मे महिन्यात उघड्या तलावाचं पाणी कोमट होतं. "कोमट पाणी हलकं, जोरात पोहता येतं" असं बॅचमधले पालक म्हणतात. आकड्यांवर परिणाम होतो का?

पाण्याचा_हिशेब (प्रतापनगर)

पाण्याचं आधी. २५ अंशांवरून ३२ अंशांवर पाण्याची घनता सुमारे ०.२ टक्क्यांनी कमी होते. आकाराचा आणि लाटेचा विरोध घनतेवर चालतो, म्हणून फरक घड्याळात दिसणार नाही. चिकटपणा जास्त घटतो, पण तो घर्षणाच्या लहान वाट्यातच जमा होतो. कोमट पाण्याचा खरा परिणाम शरीरावर होतो: काम करताना तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही. स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंश धरलं जातं, ते उगाच नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात चाचणी सकाळी पहिल्या बॅचलाच घ्या, लांब संच कापा, दर १५–२० मिनिटांनी पाणी प्यायला लावा. कोमट पाण्यातल्या दुसऱ्या लांबीची तुलना थंड पाण्यातल्या लांबीशी करू नका.

आकडे बिघडवणारी दुसरी गोष्ट उन्हाळी शिबिराची गर्दी. लेनच्या दोऱ्या नसतील तर शेजारच्यांच्या लाटा आणि भिंतीवरून परतणाऱ्या लाटा दोन्ही अंगावर येतात. चाचणी मधल्या लेनमध्ये घ्या, भिंतीलगतच्या नाही.

पुश. भिंत सोडताना वेग पोहण्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि वर्गाच्या नियमाने तो झपाट्याने गळतो. म्हणूनच स्ट्रीमलाइनची चूक इथे सगळ्यात महाग पडते. हातावर हात, दंड कानांमागे, हनुवटी आत. खोली अर्धा मीटर तरी हवी. पृष्ठभागालगत पुश घेतला तर तो वेग लाट उठवण्यात जातो, खोलात लाटेचा विरोध फारसा उरत नाही. पाण्याखालचा हा फायदा इतका मोठा आहे, की फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये स्टार्ट आणि टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं बाहेर यायलाच हवं असा नियम करावा लागला. उथळ बाजू मीटरभरच खोल असेल तर तळाशी घासत जाऊ नका, मधोमध राहा.

पोहण्याच्या वेगाइतका वेग उतरण्याआधी किक सुरू व्हायला हवी. मुलं दोन चुका करतात. एक तर लगेच वर येतात आणि पुश वाया जातो, किंवा मासा झाल्यासारखी सरकत राहतात आणि वर येईपर्यंत वेग मेलेला असतो. ५ मीटरच्या झेंड्यांखालून डोकं जायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि किक लवकर-उशिरा करून सगळ्यात कमी वेळेची जागा शोधा. पहिल्या हाताला श्वास नको. तो श्वास घेतला की डोकं वर, डावा हात काठी, आणि भिंतीने दिलेला वेग तिथेच संपतो.

तळ्याकाठी (मानेवाडा)

ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांसाठी एक ओळ जोडतो, कारण हाच धागा वाचून कुणीतरी तिथे लावेल. तिथे प्रत्येक किकला गुडघे पुढे येतात तेव्हा वेग फार खाली येतो, त्यामुळे ग्लाइडचा, म्हणजे किकनंतर नुसतं सरकण्याचा, हिशेब अजून कडक. २०० मीटरला ग्लाइड स्पष्ट दिसते, ५० ला जवळपास नाहीशी होते. वेग वाढवताना ग्लाइड कापा, पण किक संपताना हात-पाय सरळ झालेच पाहिजेत. आणि गुडघे पोटाखाली ओढू नका, टाचा कुल्ल्यांकडे आणा. मांडी जितकी आडवी येईल तितकं पाणी पुढून अडेल.

भाऊ, ट्यूबचं मी मागे घेतो, आधी श्वास दुरुस्त होऊ द्या. दोन आठवड्यांनी १० मीटरचे आकडे इथेच टाका. डाव्या हाताचा व्हिडिओ पूर्ण जोरातलाच काढा, मध्यमातला नको. मध्यम वेगात तो दोष दिसतच नाही.